काल घरी काय झालं

शाबासकी आधी तोंडातून गेली आणि वाक्य नंतर कानात शिरलं. पंचवीस वर्षं दर रविवारी मुलांना संस्कृत शिकवून नागरत्नाच्या जिभेला वळणच पडलं होतं. मुलाचं वाक्य बिनचूक आलं की मनाला न विचारताच जीभ म्हणायची, "साधु, साधु! उत्तमम्!" आणि वर्ग टाळ्या वाजवायचा.

त्या रविवारीही तसंच झालं. नोव्हेंबर होता, या देशातला उन्हाळा जवळ आला होता, वर्गात सकाळीच उकडायला लागलं होतं. सरकारी शाळेची ती खोली आठवडाभर दुसऱ्याच मुलांची असायची, भिंतीवर कांगारू रंगवलेले होते तेही त्यांचेच. रविवारी सकाळपुरती ती या मुलांची व्हायची, आणि मग दाराच्या आत संस्कृतशिवाय शब्द नाही. तास सुरू व्हायचा ठरलेल्या प्रश्नानं: काल घरी काय झालं? एकेकानं उठायचं आणि सांगायचं. एकाच्या कुत्र्यानं सोफ्यावर वमन केलं होतं. एकीच्या आजोबांनी क्रिकेट बघताना पंचाला शिव्या दिल्या होत्या, आणि कुठल्या दिल्या तेही तिनं संस्कृतात सांगायची खटपट केली. पोरं खिदळत होती. मग इंचरा उठली. इंचरा म्हणजे नागरत्नाची नात, तिच्या धाकट्या मुलाची, सुदर्शनची, एकुलती एक मुलगी.

"ह्यः रात्रौ मम पिता मम मातरम् अताडयत्," ती म्हणाली. "अहं स्नानगृहे आसम्."

पाठ ताठ, हात मागं, आवाज रोजचा. कुठं अडखळणं नाही.

"साधु, साधु! उत्तमम्!"

टाळ्या वाजल्या. इंचरा उभीच राहिली. आणखी काही विचारलं जाईल म्हणून थांबल्यासारखी ती अज्जीकडे बघत होती. कुणी काही विचारलं नाही, तेव्हा ती खाली बसली आणि पुढचा मुलगा पिझ्झाचं सांगायला उठला. त्याचा पिझ्झा भट्टीतून बाहेर येईपर्यंत नागरत्नाच्या कानात वाक्याचा अर्थ शिरला: काल रात्री माझ्या बाबांनी माझ्या आईला मारलं, मी न्हाणीघरात होते. तास तिनं कसा संपवला ते तिला नंतर आठवलं नाही.

वर्गाचा एक नियम होता आणि तो तिनंच घालून दिला होता: संस्कृतात काहीही बोला, कुणी रागावणार नाही. शाळा काढली तिच्या नवऱ्यानं, श्रीकंठय्यांनी. त्यांना जाऊन आता चार वर्षं होत आली. माणूस विद्वान, पण कान पिळण्यात पटाईत. चुकलं की पिळ कान. मग मुलं तोंडच उघडेनात, आणि त्यात सगळ्यांत गप्प त्यांचा स्वतःचा सुदर्शन. तेव्हा नागरत्नानं हा नियम नवऱ्याच्या गळी उतरवला. पहिल्याच दिवशी सुदर्शन उठला आणि बापाकडे बघून हात जोडून म्हणाला, "पितः, भवान् गर्दभः अस्ति." गाढव म्हणायचं तेही 'आपण' म्हणून! वर्ग कोसळला. श्रीकंठय्यांनाही हसावं लागलं. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती की सुनेलाही पाठ होती, आणि सुनेला संस्कृताचं एक अक्षर येत नव्हतं.

मुलं मैदानात चेंडू आपटत होती. नागरत्ना आणि तिची थोरली मुलगी सुपर्णा खुर्च्या एकावर एक रचत होत्या. सुपर्णा छोट्यांचा वर्ग घ्यायची. नागरत्नानं तिला सांगितलं, खाली बघत, खुर्चीशी बोलावं तसं.

सुपर्णानं हातातली खुर्ची तिथंच टाकली. "अम्मा, फोन कर. आत्ता."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? दर वर्षी त्या प्रशिक्षणाला आपण झोपा काढायला जातो का? मुलानं असं काही सांगितलं तर शहानिशा आपण करायची नाही, घरी विचारायचं नाही, सरकारच्या बालसंरक्षण खात्याला फोन करायचा. ओळखपत्राच्या मागं नंबर छापलाय त्यांनी, आपल्यासारख्या विसरभोळ्यांसाठी."

"ते दुसऱ्यांच्या मुलांसाठी गं."

बोलून गेल्यावर नागरत्नाला स्वतःचीच लाज वाटली. पण शब्द मागं घ्यावेसे वाटले नाहीत, हेही खरं.

"एकदा सुदर्शनला विचारते," ती म्हणाली. "माझ्याशी तो खोटं बोलणार नाही. मग करते."

"विचारलंस की संपलं. तो काय बोलघेवडा आहे तुला माहीत नाही का? आणि मी हे त्याच्यावरच्या रागानं म्हणत नाहीये हां. नाहीतर उद्या तेही माझ्याच माथी यायचं."

बहीणभावांचं नीट बोलणं श्रीकंठय्यांच्या आजारपणापासून बंद होतं. कुणी किती केलं यावरून सुरू झालेलं भांडण बाप गेल्यावरही संपलं नव्हतं. नागरत्नाला दोघांच्या मधे उभं राहायची सवय झाली होती. आपलेच दात, आपलेच ओठ.

जेवण त्या दिवशी टूनगॅबीला, नागरत्नाच्या घरीच होतं. शाळेचा रौप्यमहोत्सव डिसेंबरात, त्याची ठरवाठरवी करायची म्हणून सगळे जमणार होते. शेषाद्री आधीच येऊन पंख्याखाली बसला होता. श्रीकंठय्यांचा हा धाकटा भाऊ शाळेचा अध्यक्ष, आणि अध्यक्षपण तो घरातही उतरवून ठेवत नसे. सुदर्शन त्याला कार्यक्रमाचं निवेदन म्हणून दाखवत होता. सुदर्शनचं औषधांचं दुकान होतं, आणि पॅरामॅटापासून इथवर एकही कन्नड म्हातारी अशी नसेल जिच्या घरी त्यानं स्वतः जाऊन गोळ्या पोचवल्या नाहीत. "मुलगा असावा तर असा," म्हणणाऱ्या बायका देवळात नागरत्नाला दर सणाला भेटायच्या. तिलाही ते ऐकायला आवडायचं, का आवडू नये?

स्वयंपाकघरात सून, श्रीविद्या, हुळीला, म्हणजे आंबट आमटीला, फोडणी देत होती. नागरत्ना तिच्याशेजारी काकडी चिरायला बसली.

"रात्री झोप नाही का झाली?"

"झाली की."

"डोळे सुजलेत."

"परागकण उडतायत ना अत्ते, या दिवसांत होतंच."

मग तिनं हुळीचं पातेलं उतरवायला घेतलं. दोन हातांनी उचलायचं पातेलं, हिनं उजव्या हातानं एक कान धरला आणि ते फरफटत ओट्याच्या कडेपर्यंत आणलं. डावं कोपर तिनं बरगडीला घट्ट चिकटवून ठेवलं होतं. नागरत्नानं उठून दुसरा कान धरला. दोघींनी पातेलं खाली ठेवलं.

"इंचरा वर्गात काहीतरी बोलली," नागरत्ना शेवटी म्हणाली.

"काय?"

तिनं सांगितलं. कन्नडमध्ये ते वाक्य संस्कृतापेक्षा किती नागडं वाटत होतं!

श्रीविद्या बराच वेळ ओटा पुसत राहिली. "ती न्हाणीघरात असते," ती म्हणाली. "कडी लावून. आतून काहीतरी म्हणत असते, पुन्हा पुन्हा. मला वाटायचं, अभ्यास करतेय. मला बरं वाटायचं अत्ते, निदान तिचं लक्ष पुस्तकात आहे म्हणून." मग एकदम भानावर येऊन तिनं मान हलवली. "तसं काही नाहीये. तुम्ही काही मनात आणू नका. हे दमलेले असतात, आवाज चढतो. घरोघरी मातीच्या चुली."

जेवणं झाली. इंचरा मागच्या अंगणात पाण्याची नळी घेऊन झाडांना आणि स्वतःला भिजवत होती. शेषाद्रीनं मंत्र्याला हार कुणी घालायचा हा विषय काढला, आणि नागरत्नाला वाटलं, आता नाही विचारलं तर कधीच विचारणार नाही.

"सुदर्शन, तू श्रीविद्यावर हात उगारतोस?"

शेषाद्रीच्या हातातला ताकाचा पेला तोंडापाशीच थांबला. श्रीविद्या ताटं उचलत होती, ती उचलतच राहिली.

सुदर्शन आधी आईकडे आणि मग बहिणीकडे बघून हसला. "हे अक्कानं भरवलं का?"

"मी एक अक्षर बोलले नाहीये," सुपर्णा म्हणाली.

"इंचरानं वर्गात सांगितलं." नागरत्नानं वाक्य जसंच्या तसं म्हटलं.

"अय्यो, अम्मा!" सुदर्शननं कपाळाला हात लावला आणि खरोखरीचं, मोकळं हसला. "गेल्या रविवारी तू फळ्यावर काय लिहिलंस? भीमः दुर्योधनम् अताडयत्. वहीत मीच वाचलंय. पोरीला मारण्याशिवाय दुसरं क्रियापद येतंय कुठं? पुढच्या रविवारी तू खाणं शिकव, मग सांगेल, बाबांनी आईला खाल्लं!"

शेषाद्री हसला, सुटल्यासारखा. सुपर्णाच्याही ओठांवर काहीतरी आलं आणि गेलं. नागरत्नाला हसू आलं नाही, पण छातीवरचं ओझं क्षणभर हललं, आणि तेवढ्या एका क्षणाचा तिला पुढं जन्मभर राग येत राहिला.

"भीमाच्या गोष्टीत न्हाणीघर नव्हतं," ती म्हणाली.

सुदर्शनचं हसू तोंडावरच राहिलं, पण त्याचा आवाज खाली आला. "म्हणजे तुला मी तसला वाटतो. ठीक आहे. पोरीलाच विचारू ना. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"नको," नागरत्ना म्हणाली.

"का नको? उद्या गावभर होईल. चिक्कप्पा, तुम्हीच सांगा."

शेषाद्रीनं पेला खाली ठेवला आणि तो वहिनीकडे वळला. "अत्तिगे, मला विचाराल तर मी म्हणेन, झाकली मूठ सव्वा लाखाची. महोत्सव तोंडावर आलाय. श्रीकंठण्णाच्या शाळेत श्रीकंठण्णाच्याच मुलाचं नाव निघालं तर उरलं काय? पण आता निघालंच आहे, तर विचारून टाका. पोर काय ते सांगेल."

असं करायचं नसतं. प्रशिक्षणाला ती बाई दर वर्षी हेच सांगायची: मुलाला सगळ्यांसमोर उभं करू नका, ज्याचं नाव घेतलंय त्याच्यासमोर तर नाहीच नाही. नागरत्नाला शब्द न् शब्द ठाऊक होता. तरी सुदर्शन अंगणाच्या दाराशी गेला तेव्हा ती खुर्चीवरून उठली नाही.

इंचरा ओल्या पायांनी आत आली. फरशीवर तिच्या पावलांचं पाणी उमटत गेलं. सुदर्शननं तिच्या खांद्यावर हात ठेवला, प्रेमानं, सगळ्यांना दिसेल असा.

"ये चिन्ना. अज्जीला एक शंका आहे. वर्गात तू बाबांबद्दल काय म्हणालीस?"

इंचरानं त्याच्याकडे पाहिलं नाही. अज्जीकडे पाहिलं. त्या नजरेत भीती असती तर नागरत्नाला एक वेळ सोसली असती. तीत भीती नव्हती. आपण ज्याच्या हाती दिलं त्यानंच नेऊन पोचवलं, एवढं त्या पोरीला कळलं होतं.

"ते नुसतं वाक्य होतं," इंचरा इंग्रजीत म्हणाली.

"बघ!" सुदर्शननं टाळी वाजवली. "शाब्बास. जा, खेळ."

शेषाद्रीला मंत्र्याच्या हाराची आठवण झाली. सुपर्णानं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अम्मा, ती म्हणतेय ना, वाक्य होतं."

"तूच म्हणाली होतीस फोन कर म्हणून."

"म्हणाले होते." सुपर्णानं आवाज दाबला. "पण आता मी रेटलं तर सगळे म्हणतील, अक्कानं सूड उगवला. चार वर्षं ऐकतेय मी. तू जरा थांब. आपण लक्ष ठेवू."

"लक्ष कसलं ठेवता?" सुदर्शननं ऐकलंच. त्याचे कान पहिल्यापासून तिखट. "आणि हो, अम्मा, सांगायचंच राहिलं. पुढच्या रविवारपासून हिला पोहायला घालतोय. या देशात पोहता आलं पाहिजे, समुद्र चारी बाजूंनी. संस्कृत काय, झालं की तिचं पुष्कळ. रविवारचं तुझ्याकडे येणंही मग जरा कमी होईल, रागावू नकोस."

बोलला अगदी हसतहसत. पण नागरत्नाला ते ऐकून जेवढी भीती वाटली तेवढी वर्गात ते वाक्य ऐकूनही वाटली नव्हती. या पोरीला घरात आवाज नव्हता. बाहेरच्या शाळेत लाज वाटत असणार. आठवड्यातून एकदा, एका खोलीत, जिथं कुणी रागावत नाही असं अज्जीनं सांगितलं होतं, तिथं ती बोलली होती. न्हाणीघरात कडी लावून घोकून घोकून बोलली होती, चूक होऊ नये म्हणून. ती खोली तो बंद करत होता, आणि किल्ली त्याला नागरत्नानंच नेऊन दिली होती.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. श्रीविद्या एका हातानं भांडी विसळत होती. नागरत्नाच्या गळ्यात शाळेचं ओळखपत्र अजून तसंच लोंबत होतं. तिनं ते उलटं केलं आणि चष्मा लावला.

श्रीविद्याच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. "अत्ते, नको. पाया पडते. तिला घेऊन जातील ते लोक."

"नेतील की नाही मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू?"

"आणि ते? ते घरी आल्यावर मला..." ती थांबली. जे नाही म्हणून ती मघापासून सांगत होती, ते तिच्याच तोंडातून अर्धं बाहेर पडलं होतं.

"तू आज घरी जाणार नाहीस. तूही नाही, तीही नाही. इथं राहा. उद्या काय ते उद्या बघू."

"तुमचा मुलगा आहे तो."

"माझाच आहे," नागरत्ना म्हणाली. तिला रडू येत होतं आणि ते तिनं लपवलं नाही. "पुढच्या रविवारी ती कुणाला सांगेल श्रीविद्या? सांग ना. तलावातल्या पाण्याला सांगेल?"

बाहेर सुदर्शन काहीतरी विनोद सांगत होता, शेषाद्रीचं हसू ऐकू येत होतं. श्रीविद्यानं नळ बंद केला, हात पदराला पुसला, जाऊन दार लोटलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. डावं कोपर अजून बरगडीशीच होतं.

फोनवर गाणं लागलं. बराच वेळ वाजत राहिलं. मग एक बाई बोलली, तरुण आवाजाची. तिनं नाव विचारलं, मुलीचं नाव विचारलं, वय विचारलं. कुठं भेटता तुम्ही मुलीला? नागरत्ना इंग्रजीत एकेक सांगत गेली. वर्गात पाढे म्हणून घ्यावेत तसा तिचा आवाज सपाट झाला होता.

"मुलीशी तुमचं नातं काय?"

"मी तिची शिक्षिका." तिला थांबावं लागलं. "आणि आजी."

"आणि ज्यांच्याबद्दल तुम्ही सांगताय, ते?"

"माझा मुलगा."

पलीकडे टंकण्याचा आवाज जरासा थांबला आणि पुन्हा सुरू झाला. "मुलगी नेमकं काय म्हणाली? शक्य असेल तर तिच्याच शब्दांत सांगा."

तिचे शब्द इंग्रजीत नव्हते. नागरत्नानं ते आधी होते तसे सांगितले, वर्गातल्या स्पष्ट, खणखणीत आवाजात, कारण ते वाक्य दुसऱ्या कुठल्या आवाजात तिला म्हणताच येईना. "ह्यः रात्रौ मम पिता मम मातरम् अताडयत्. अहं स्नानगृहे आसम्."

दारापलीकडचं बोलणं थांबलं. सुदर्शन शाळेचा पहिला विद्यार्थी होता, त्याला अर्थ सांगावा लागत नव्हता.

मग तिनं इंग्रजीत सांगितलं. हे कधीचं, असं बाईनं विचारलं. "कालचं," नागरत्ना म्हणाली. दाराची मूठ बाहेरून फिरली. "अम्मा? अम्मा, काय करतेस?" श्रीविद्या हलली नाही. तिनं डोळे मिटून घेतले आणि पाठ आणखी रेटली. मागून सुपर्णाचा आवाज आला, "सुदर्शन, बाजूला हो," आणि तो आवाज लहानपणी भांडणात यायचा तसाच होता.

खिडकीतून अंगण दिसत होतं. इंचरा नळी हातात धरून एकाच जागी उभी होती, पाणी मातीत वाहून चाललं होतं. ती घराकडे बघत होती. तिच्यापर्यंत ते वाक्य पोचलं होतं की नाही ते नागरत्नाला कळेना.

"आणखी एकच विचारते," फोनमधली बाई हळुवारपणे म्हणाली. "मुलीनं हे सांगितलं तेव्हा तुम्ही तिला काय म्हणालात?"

दार पुन्हा हललं. नागरत्नानं फोन दोन्ही हातांनी धरला.

"शाबास म्हणाले," ती म्हणाली. "आणि सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या."